अक्षरांची पावलं

आषाढी एकादशीला मारुतीच्या पारावर बायका चातुर्मासाचे नेम धरायला जमल्या होत्या. कुणी वांगं सोडलं, कुणी पत्रावळीवर जेवायचं ठरवलं, उज्ज्वलानं चहा सोडला आणि कॉफी धरली. सत्यभामाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि हळूच सांगितलं, "मी खोटं सोडलं. कार्तिकीपर्यंत."

"अगं बाई," उज्ज्वला म्हणाली, "मग काकू, चार महिने मुक्याच राहता का काय?"

बायका हसल्या. पण सत्यभामाबाईंचा नेम म्हणजे नेम, हे गावाला ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्यांनी मीठ सोडलं होतं आणि घरात आलेल्या जावयालाही अळणी वरण वाढलं होतं. श्रावण लागेपर्यंत त्यांच्या शब्दाला अशी काही किंमत आली, की कुणाची शेळी कुणाच्या तुरीत शिरली याचा निवाडासुद्धा लोक त्यांनाच विचारू लागले. दुसऱ्या बाजूनं, नवं लुगडं नेसून त्यांच्यासमोर जायचं बायकांनी बंद केलं. एकीनं हौसेनं विचारलं होतं, "कसं दिसतंय काकू?" त्यावर सत्यभामाबाई अगदी मायेनं म्हणाल्या होत्या, "लुगडं लई चांगलं हाय."

त्यांचे मालक सुग्रीव पाथरवट. पाटोद्याच्या अलीकडच्या पाचपंचवीस गावांत दगडावर अक्षर काढावं तर सुग्रीवनंच, असा एक काळ होता. शाळेची कोनशिला, विहिरीवरचं नाव, देवळातल्या पायऱ्या आणि मुख्य म्हणजे शेताच्या बांधावरच्या समाध्या, सगळीकडे त्यांच्या हातचं अक्षर. भरल्या अंगाचं, जुन्या पोथीतल्यासारखं. शिरोरेषेच्या टोकाला गव्हाच्या लोंबीसारखा बाक, आणि कान्याच्या बुडाशी छन्नी तिरकी मारून काढलेलं छोटंसं पाऊल. प्रत्येक अक्षर जणू दोन पायांवर उभं. मग मशीनवर ग्रॅनाइट कापणारे आले, चकचकीत पाट्या दोन तासांत मिळू लागल्या, आणि गेली तीन वर्षं सुग्रीवच्या छन्नीला पाट्या-वरवंट्याला टाकी लावण्यापलीकडे काम नव्हतं.

म्हणून तर अर्जुनरावांनी शब्द दिला तेव्हा घरात सण झाला. अर्जुनराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य, गावचे 'भाऊ'. मारुतीसमोरचा सभामंडप त्यांनी पुढाकार घेऊन बांधला होता. "मंडपाचा दगड सुग्रीवअण्णाच्याच हातचा," ते चारचौघांत म्हणाले. काळा पाषाण अंगणात येऊन पडला. भाऊंचं नाव कोरून घटस्थापनेला बसवायचा होता. सुग्रीव रोज सकाळी त्याला पाणी घालून धुवायचे, हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हा शेवटचा. पन असा करतो, की मारुतीनं वळून बघावं." तीन वर्षांत त्यांना एवढं बोलताना सत्यभामाबाईंनी ऐकलं नव्हतं. दगड नीट पार पडावा एवढंच त्यांचं देवापाशी मागणं होतं.

भाद्रपदातल्या एका शनिवारी सकाळी साडेसातला सत्यभामाबाई मारुतीला तेल घालून देवळाबाहेर आल्या. तेलकट हात लागायला नको म्हणून चष्मा घरीच ठेवलेला. समोर फाट्यावर दोन माणसं शिडी लावून मोठा फ्लेक्स बांधत होती. वरचा भाग अजून गुंडाळलेलाच होता. खाली अर्जुनरावांचा फोटो, गळ्यात हार. आणि फोटोखाली, पांढऱ्यावर काळ्या रंगात, हातभर उंच अक्षरांत: अर्जुनराव.

चष्मा नसला म्हणून काय झालं? ही अक्षरं त्यांनी बेचाळीस वर्षं झाडून, पुसून, फुंकर घालून साफ केलेली. घरचीच अक्षरं. या अक्षरात नाव लागलं, गळ्यात हार पडला, म्हणजे माणूस कुठं असतो हे काय कुणी सांगायला पाहिजे?

"अरे देवा," त्या पुटपुटल्या. "कालच तर भाऊ ट्रॅक्टरवरून 'रामराम वयनी' म्हणून गेलते."

त्यांनी देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि घराकडे निघाल्या. वाटेत उज्ज्वला दुधाची किटली घेऊन भेटली.

"काकू, तोंड असं का उतरलंय?"

"अर्जुनभाऊ गेले गं."

"कुटं, बीडला?"

सत्यभामाबाईंनी नुसतं वर बघितलं. उज्ज्वलाच्या हातातली किटली खाली आली.

दुसरं कुणी सांगितलं असतं तर उज्ज्वलानं चार प्रश्न विचारले असते. पण खोटं सोडलेल्या बाईला काय विचारायचं? पाच मिनिटांत बातमी वेशीपर्यंत गेली, दहा मिनिटांत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. जो विचारी, "खरं का?" त्याला उत्तर मिळे, "सत्यभामाकाकूंनी सांगितलं." की संपला विषय. ग्रुपवर चाळीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. मध्येच अर्जुनरावांच्या एका पुतण्यानं टाकलं, 'भाऊ, वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा, शंभर वर्षं जगा.' त्याला सगळ्यांनी झाडलं. 'थोडी तरी लाज ठेव.' 'चुलता गेलाय आणि तुला मस्करी सुचते?' शेवटी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. अर्जुनराव स्वतः त्याच ग्रुपवर होते, पण त्यांचा फोन चार्जिंगला होता आणि ते ओवाळून घेत होते.

सव्वानऊला बायका अर्जुनरावांच्या बंगल्याकडे निघाल्या. पुढे उज्ज्वला, तिच्यामागे दहा-बाराजणी, आणि सगळ्यात मागे डोक्यावर पदर घेऊन सत्यभामाबाई. रिवाजाप्रमाणे फाटकापाशीच उज्ज्वलानं गळा काढला. "अगं सत्यशीलाबाई गं, कसं झालं गं हे!"

दार उघडलं आणि अर्जुनराव बाहेर आले. इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा, कपाळाला कुंकू, कुंकवाला चार तांदळाचे दाणे चिकटलेले. मागे त्यांची बायको सत्यशीला, हातात निरांजनाचं ताट.

उज्ज्वलाचा हुंदका अर्धा बाहेर आला होता. तो काही परत आत जाईना. तिनं त्याचा खोकला केला आणि खोकता खोकता तुळशीवृंदावनामागे गेली. बाकीच्या बायका जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या.

अर्जुनरावांचा चेहरा गंभीर झाला. पुढाऱ्याला सवय असते, कुणाच्याही दुःखात चटकन शिरायची. ते दोन पायऱ्या उतरले, आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

एकीनं दुसरीकडे बघितलं, दुसरीनं तिसरीकडे, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा मागे सत्यभामाबाईंवर येऊन थांबल्या. नेम आडवा आला. त्यांनी खाली बघत, अगदी हळू आवाजात सांगितलं, "तुमी, भाऊ."

ताटातलं निरांजन विझलं.

याच्यावर काही बोलणं व्हायच्या आत फाटकात आष्टीची जीप येऊन थांबली. तिच्यातून उतरला सटवा, अर्जुनरावांचा चुलतभाऊ. विहिरीच्या वाटणीवरून दोघांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. पण मरणाला वैर नसतं म्हणून त्यानं फोन येताच अंघोळ केली, आणि नात्यानं धाकटा म्हणून शेजारच्या न्हाव्याला उठवून डोकं आणि मिशी उतरवून तो निघाला होता. त्या मिशीला आष्टीच्या बाजारात मान होता. लोक सटव्याला मिशीवरूनच ओळखत. आता गुळगुळीत डोक्याचा, भलत्याच लहान तोंडाचा एक माणूस रडत रडत अंगणात शिरला, समोर अर्जुनरावांना बघितलं आणि त्याचं रडणं जागच्या जागी राग झालं.

"तू जित्ता हायेस बे?"

"तू कोण?" अर्जुनरावांनी विचारलं.

"मी कोण? मी सटवा!"

अर्जुनराव बघतच राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सटू, माझ्यासाठी मिशी काढलीस?"

"मेलास म्हनून काढली! जित्या मानसासाठी कोन काढतंय? पस्तीस वर्षांची मिशी! आन् हा टिळा लावून उभा!"

पाठोपाठ दुखवट्याला माणसं येतच राहिली. खांद्यावर पंचे टाकून, तोंडं पाडून. अंगणात दुसऱ्या बाजूला आचारी वाढदिवसाचा शिरा परतत होता. सुतकाच्या घरचं पाणीही घ्यायचं नसतं म्हणून आलेले लोक तोंड मिटून उभे, आणि तुपाचा वास तर नाकात शिरतोय. "घ्या की हो," सत्यशीलाबाई रडवेल्या होऊन म्हणत होत्या, "कुनी गेलेलं न्हाई." तरी पहिला घास कोण घेणार?

मग चौकशी सुरू झाली. सटव्याला फोन उज्ज्वलाच्या भावानं केला होता. भावाला उज्ज्वलानं. उज्ज्वला तुळशीमागून म्हणाली, "मला काकूंनी सांगितलं. त्या खोटं बोलत न्हाईत."

सत्यभामाबाई पुढे आल्या. "मी सांगितलं, भाऊ. फाट्यावरचा बोर्ड बघून."

"बोर्ड तर वाढदिवसाचा हाय!"

"मला नाव दिसलं. अक्षरं दिसली."

सगळं लटांबर फाट्यावर गेलं. फ्लेक्स आता पुरता उलगडला होता. वर स्वच्छ लिहिलं होतं, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', पण त्याच अक्षरात, त्याच काळ्या रंगात. माणसं मान वर करून बघत राहिली. कुणी हसेना.

सटवा गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "हेच अक्षर आमच्या बापाच्या समाधीवर हाय."

"माझ्या बी," अर्जुनराव म्हणाले.

"माझ्या आईच्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्या सासूबाईंच्या," उज्ज्वला.

बघता बघता फाट्यावर सगळ्या गावाचे गेलेले गोळा झाले. अर्जुनरावांनी डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी कानांपर्यंत खाली ओढली. त्यांनी पाटोद्याला फ्लेक्सवाल्या शिवशंकरला फोन लावला. "हे अक्षर कुटून आणलं रं?"

"नवीन फॉन्ट हाय, भाऊ!" शिवशंकरचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. "सुग्रीव नाव त्याचं. अण्णाच्या नातीनं केलाय, संभाजीनगरला शिकते ती संस्कृती. गेल्या आठवड्यात मला वापरायला दिला. लई वजनदार दिसतो की नाही? म्हटलं, उद्घाटन भाऊंपासनंच करावं."

अर्जुनरावांनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काढा ते," ते म्हणाले. आणि मग सत्यभामाबाईंकडे न बघता, "आन् मंडपाचा दगड ऱ्हाऊ द्या, वयनी. नगरवरनं मशीनची पाटी आणू. त्या अक्षरात माझं नाव नको मला. अण्णाला सांगा, राग मानू नका म्हणावं. अक्षर अपशकुनी हाय."

माणसांनी फ्लेक्स ओढून खाली टाकला आणि सगळे पांगले. सत्यभामाबाई एकट्या मागे राहिल्या. अक्षरं पायदळी जायला नकोत म्हणून त्यांनी फ्लेक्सची घडी केली, ती काखेत काही मावेना, तेव्हा डोक्यावर घेतली आणि घरी आल्या.

सुग्रीव दगडापाशीच बसले होते. सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, काही नाहीत. उठले, गोणपाट आणलं आणि दगडावर टाकलं. छन्न्या एकेक पुसून डब्यात ठेवल्या, डबा फळीवर ठेवला.

"जेवता का?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"भूक न्हाई."

"आवो, चुकी माझी हाय. अक्षरांची न्हाई."

सुग्रीवनी फ्लेक्सच्या घडीकडे बघितलं. मग म्हणाले, "अंथर बघू ते."

फ्लेक्स अंगणात अंथरला. अर्जुनरावांचं तोंड तुळशीपासून गोठ्यापर्यंत आलं. एक कोंबडी त्यांच्या मिशीवर चढून बसली, तिला हाकललं. सुग्रीव चष्मा सावरत गुडघ्यांवर रांगत एकेका अक्षरावरून बोट फिरवत चालले. शेवटच्या अक्षराशी येऊन ते टाचांवर बसले.

"लाव तिला फोन."

संस्कृतीनं फोन उचलला. "आबा! बघितलं का? कसं दिसलं?"

"कुटल्या दगडावरनं घेतलीस अक्षरं?"

"शेतातल्या समाध्यांवरनं. मागच्या सुट्टीत नव्हते का कागद आणि कोळसा घेऊन हिंडत? कागद लावून कोळसा घासला की सगळं अक्षर उठतं."

"देवळातल्या पायऱ्यांवरनं कावून घेतली न्हाई?"

"त्यांच्यावर दर वर्षी ऑइलपेंट मारतात, आबा. अक्षरं बुजून गेलीत. समाध्या कशा, कुणी हात लावत न्हाई, कडा अजून धारदार."

सुग्रीवनी कपाळावर हात मारला. "पोरी, मेलेल्यांची अक्षरं येगळी असतात."

हे सत्यभामाबाईंनासुद्धा नवं होतं. त्या जवळ येऊन बसल्या.

"कान्याच्या बुडाला पाऊल काढतो ना मी?" सुग्रीव सांगू लागले. "देवळाच्या दगडावर, घराच्या चौकटीवर, विहिरीवर ती पावलं आत येनारी असतात. नावाकडं तोंड करून. समाधीवर जानारी. नावाकडं पाठ. माझ्या बापानं मला शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. कुनाला सांगायचं नसतं. पन बघनाऱ्याला कळतं, मन लावून बघितलं न बघितलं तरी कळतं. तू काय केलंस? सगळ्या जिल्ह्याला जानारी पावलं वाटलीस."

मग संस्कृती हळूच म्हणाली, "आबा, पण ते उलटं करायला मला दहा मिनिटं लागतील."

"उलटं? चप्पल हाय का ती, डाव्याची उजवी करायला? जानारं पाऊल टाचंवर जड असतं. मागं ओढतं जरा. येनारं असतं ते चवड्यावर. हलकं. घाई असते त्याला."

"मग काढून द्या ना मला! फोटो पाठवा."

सुग्रीव पुटपुटत उठले. चुलीतला कोळसा घेतला आणि अर्जुनरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, तेवढीच जागा कोरी होती म्हणून, एक काना काढला, त्याला पाऊल काढलं. मग दुसरा. पण दगडावरचं गोणपाट त्यांनी काढलं नाही, आणि रात्रीही जेवले नाहीत.

सत्यभामाबाईंनी रविवारी सकाळी पूजा आटोपली, मारुतीला जाऊन आल्या आणि अर्जुनरावांच्या बंगल्याकडे निघाल्या. वाटेत उज्ज्वलानं गाठलं.

"काकू, काय सांगणार त्यांना?"

"बघू."

"बघू काय? सांगा, सपनात मारुती आला आन् म्हनला, दगड सुग्रीवकडूनच पायजे. भाऊ काय मारुतीला विचारायला जात न्हाईत."

"मला तीन दिवस झाले सपनच पडलं न्हाई गं."

उज्ज्वलानं हात टेकले.

अर्जुनराव ओसरीवर बसले होते. भाद्रपदाच्या उकाड्यात डोक्याला उपरणं गच्च गुंडाळलेलं. अंगणात म्हणून उतरत नव्हते. सत्यशीलाबाईंनी सतरंजी टाकली.

"भाऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या, "माझ्या मालकांनी कालपासून अन्न घेतलं न्हाई. त्यांची चूक न्हाई यात. मी चष्म्यावाचून बघितलं, कुनाला विचारलं न्हाई, बोलून गेले. शिक्षा करायची तर मला करा. मी वर्षभर मंडप झाडते. पन दगड काढून घेऊ नका."

अर्जुनराव खालच्या आवाजात म्हणाले, "वयनी, तुमचा नेम हाय. म्हनून तुमालाच विचारतो. खरं सांगा. ते अक्षर अपशकुनी हाय का न्हाई?"

सत्यभामाबाईंनी डोळे मिटले. नाही म्हटलं असतं तर तिथंच भागलं असतं. "बोर्डावरची अक्षरं समाधीवरनं घेतलेली हायेत, भाऊ. ती जानारी हायेत."

अर्जुनरावांनी भिंतीला डोकं टेकलं. "बघा. म्हनजे झालंच की."

तेवढ्यात सत्यशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडायलाच सुरुवात केली. "सांगून टाका हो! किती दिवस लपवनार? वयनी, गुरुवारी ह्यांना कावळा शिवला. गच्चीवर टाकीत पाणी बघायला गेलते, डोक्याला शिवून गेला. तवापासनं हे झोपले न्हाईत."

आता सत्यभामाबाईंना त्या उपरण्याचा उलगडा झाला. माणसाला कावळा शिवला की मरण जवळ आलं म्हणतात, आणि त्यावर जुन्या लोकांचा उपाय एकच. नातलगांना तो माणूस गेल्याची खोटी बातमी धाडायची. ते रडले, की जे रडणं यायचं होतं ते येऊन जातं आणि मरण आल्या वाटेनं परत फिरतं.

"मी म्हनलं ह्यांना," सत्यशीलाबाई सांगत होत्या, "आष्टीला सटूभाऊजींना फोन करू, थोडं रडतील बिचारे. तर म्हनले, न्हाई. राजकारणात मेल्याची बातमी फिरली की लोक दुसऱ्या दिवशी दुसरा मानूस बघतात."

"खरंच हाय ते," अर्जुनराव पुटपुटले.

"पन बाई," सत्यभामाबाई सावकाश म्हणाल्या, "मग काल जे झालं ते काय झालं?"

दोघंही त्यांच्याकडे बघू लागले.

"बातमी गेली. सगळे रडले. सटूभाऊंनी तर मिशी दिली. अजून काय करायचं ऱ्हायलं?"

सत्यशीलाबाईंचं रडणं थांबलं. "अगं बया! उपाय झाला की वो! घरबसल्या झाला!"

अर्जुनरावांनी उपरण्याची एक घडी सोडली. मग त्यांचा हात थांबला. पुढारी माणूस, कायद्याच्या फटी शोधण्यात आयुष्य गेलेलं. "न्हाई," ते म्हणाले. "बातमी खोटी लागते. जानूनबुजून असो, चुकून असो, पन खोटी. आन् वयनी तर आषाढीपासनं खोटं बोललेल्या न्हाईत. त्या बोलल्या ते खोटं नसेल, तर मग..." पुढचं त्यांच्यानं बोलवेना. उपरण्याची घडी त्यांनी परत गुंडाळली.

सत्यभामाबाई सतरंजीच्या दशा सारख्या करत बसल्या. शनिवारी सकाळपासून हाच काटा त्यांच्या मनात सलत होता. आपण पाहिलं तसं बोललो, मनात कपट नव्हतं, असं त्या स्वतःला शंभरदा सांगत होत्या. पण न विचारता, न बघता कुणाला मारून टाकायचं आणि वर नेम शाबूत आहे म्हणायचं? बेचाळीस वर्षांत त्यांचा एकही नेम मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, सासू गेली तेव्हा नाही.

त्यांनी मान वर केली. "माझा नेम मोडला, भाऊ. शनिवारी, साडेसात वाजता, मारुतीच्या दारात. मी खोटं बोलले."

अर्जुनराव पुढे सरकले. "नक्की?"

"नक्की."

"हे खरं सांगताय ना?"

"खरं सांगते, मी खोटं बोलले."

अर्जुनरावांनी हे वाक्य दोनदा मनात घोळवलं, दोन्ही बाजूंनी तपासलं, आणि उपरणं सोडून खांद्यावर टाकलं. तीन दिवसांनी त्यांच्या डोक्याला वारा लागला. ते उभे राहिले, ओसरीवरून थेट अंगणात उतरले आणि आभाळाकडे बघून हसले. मग सटव्याला फोन लावला. "सटू, तुज्या मिशीचे उपकार मी सात जन्म फेडीन." पलीकडून जे काही ऐकू आलं ते सत्यशीलाबाईंनी बायकांपुढे सांगितलं नाही. पण त्या दोघांचं बोलणं अर्धा तास चाललं, आणि शेवटी विहिरीवर पाणी कुणी कधी घ्यायचं इथपर्यंत गेलं.

"दगड अण्णाचाच," अर्जुनराव फोन ठेवून म्हणाले. "पन पावलं येनारी पायजेत. सगळी. एक बी जानारं चालनार न्हाई."

सत्यभामाबाईंनी गुरवाला प्रायश्चित्त विचारलं. त्यानं पोथी चाळून सांगितलं, "मोडलेला नेम पुन्हा धरायचा. येत्या कार्तिकीपर्यंत न्हाई, पुढल्या कार्तिकीपर्यंत." सत्यभामाबाईंना बरं वाटलं. गावाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. चार बायका जाऊन गुरवाला भेटल्या, काही कमी होतंय का बघायला.

सुग्रीवनी त्या रविवारी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि सोमवारी गोणपाट काढलं.

आठवडाभर अंगणात छन्नीचा आवाज घुमत राहिला. हात पहिल्यासारखा नव्हता. दर चार ठोक्यांनी थांबावं लागे, बोटं चोळावी लागत. संस्कृती संभाजीनगरहून फोनवर बघायची आणि म्हणायची, "आबा, कॅमेरा जरा डावीकडं." तिच्या फॉन्टमध्ये आता दोन संच होते, एक येणारा आणि एक जाणारा, आणि शिवशंकरला तिनं बजावून ठेवलं होतं, की वाढदिवसाला कुठला ते विचारल्याशिवाय छापायचं नाही.

अर्जुनराव रोज सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन यायचे आणि दगडासमोर बसायचे. विश्वास नव्हता असं नाही, पण आपलं नाव आहे, बघितलेलं बरं. 'अ' झाला, त्याच्या कान्याला पाऊल आलं. अर्जुनराव खुर्चीतून वाकले आणि बोट लावून म्हणाले, "अण्णा, हे येनारं ना?"

"येनारंच."

'र्जु' आला. "हे?"

"ते बी येनारं."

'न' आला. त्याच्या पावलाला सुग्रीव फार जपून हात घालत होते. काळ्या दगडाची पूड वाऱ्यानं उडून अर्जुनरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसत होती. ते अजून पुढे वाकले, नाक दगडाला लागायच्या बेतात आलं.

"अण्णा, आन् हे? येतंय का हे?"

सुग्रीवनी छन्नी खाली ठेवली. "येतंय, भाऊ. पन तुमी खुर्ची टाकून मदीच बसलात, तर ते येनार कुटनं? सरका जरा."

अर्जुनराव उठले, खुर्ची उचलली आणि दगडासमोरची वाट मोकळी केली.